दोन आसनी स्पोर्ट्स कार आणि तिचे प्रौढ मालक

दोन माणसांपुरती जागा, काढता-घालता येणारे कापडी छप्पर, बेताचे इंजिन आणि हलके वजन ही लहान स्पोर्ट्स कारची मूळ लक्षणे. तिला रोडस्टर असेही म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये ही गाडी तरुणांच्या खिशाला परवडावी म्हणून घडवली गेली. आज तिच्या मालकांमध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा आहे. या बदलाचे एक कारण गाडीच्या घडणीतच आहे. दोनच आसने असल्यामुळे मुलाबाळांच्या संसारात तिला स्थान नसते. लग्नाआधी किंवा मुले मार्गी लागल्यावर, अशा दोनच काळांत ती माणसाच्या आयुष्यात सहज येऊ शकते. पहिला काळ हातून गेलेल्यांनी दुसरा धरला, आणि त्यातून या गाडीचा उत्तरार्धातील इतिहास घडला.

ॲबिंग्डनचा नमुना

ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस यांचे ‘मॉरिस गॅरेजेस’ हे मोटारविक्री आणि दुरुस्तीचे केंद्र होते. १९२२ मध्ये सेसिल किंबर त्याचे व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या साध्या गाड्यांची चॅसी घ्यायची, तिच्यावर देखणी आणि हलकी बॉडी चढवायची आणि इंजिनात थोडी सुधारणा करून ती विकायची, हा उद्योग त्यांनी सुरू केला. केंद्राच्या आद्याक्षरांवरून गाडीला एमजी हे नाव मिळाले. १९२९ मध्ये कारखाना जवळच्या ॲबिंग्डन या गावी गेला. त्याच वर्षी बाजारात आलेल्या एम-टाइप मिजेटला मॉरिस मायनरचे ८४७ सीसीचे इंजिन होते आणि तिची बॉडी लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली होती. यांत्रिक भाग रोजच्या गाडीतले असल्याने किंमत आटोक्यात राहिली, आणि वजन कमी असल्याने लहान इंजिनही चपळ वाटू लागले. पुढच्या जवळजवळ प्रत्येक यशस्वी लहान स्पोर्ट्स कारने हाच नमुना गिरवला. एमजी मालकांचा ‘एमजी कार क्लब’ १९३० मध्येच स्थापन झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची निकड होती. पोलादाचा कोटा निर्यात करणाऱ्या कारखान्यांना आधी मिळत असे. अशा वेळी १९४५ च्या अखेरीस एमजीने टीसी हे मॉडेल काढले. १,२५० सीसीचे, सुमारे ५४ अश्वशक्तीचे इंजिन, तारांची १९ इंची चाके, पुढे आडवी पाडता येणारी काच आणि दारांवर काचेऐवजी लावायचे कापडी पडदे असा तिचा थाट होता. वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. ती फक्त उजव्या हाताच्या स्टिअरिंगची होती, तरी तिचे सुमारे दोन हजार नग अमेरिकेत गेले. इंग्लंडमध्ये तैनात असताना ज्यांनी या गाड्या पाहिल्या-चालवल्या होत्या, त्या अमेरिकी सैनिकांनी मायदेशी त्यांची आवड रुजवली. बॉनेटखाली फारसे काही नसलेली ही गाडी वळणांवर मात्र मोठ्या अमेरिकी गाड्यांना मागे टाकी. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या गावात सार्वजनिक रस्त्यांवर शर्यत झाली, आणि युद्धोत्तर अमेरिकेत स्पोर्ट्स कार शर्यतींचे पर्व सुरू झाले.

भरभराटीची दोन दशके

१९४८ ते १९६८ हा या गाड्यांचा बहराचा काळ. जॅग्वारने १९४८ च्या लंडन प्रदर्शनात एक्सके-१२० मांडली. तिच्या नावातील आकडा ताशी १२० मैलांचा वेग सांगत होता. १९५२ मध्ये ऑस्टिन-हीली १००, १९५३ मध्ये ट्रायम्फ टीआर-२ आणि अमेरिकेत फायबरग्लासच्या बॉडीची शेव्हरोले कॉर्व्हेट आली. पहिल्या वर्षी कॉर्व्हेटचे केवळ ३०० नग तयार झाले. एमजीने १९५५ मध्ये एमजीए काढली; तिच्या एक लाखाहून अधिक नगांपैकी बहुतेक परदेशी गेले. १९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट स्वस्ताईसाठी इतकी काटछाट करून बनवली होती, की तिच्या दारांना बाहेरून मुठी नव्हत्या आणि डिकीला झाकण नव्हते.

१९६२ हे वर्ष विशेष फलदायी ठरले. त्या वर्षी एमजीबी आली. १,७९८ सीसीचे इंजिन, वरखाली होणाऱ्या काचा आणि पुरेशी डिकी यांमुळे ती रोजच्या वापरालाही चालत होती. १९८० पर्यंत बंदिस्त छपराची जीटी धरून तिचे पाच लाखांहून अधिक नग बनले. त्याच वर्षी कॉलिन चॅपमन यांच्या लोटसने एलान काढली. पाठीच्या कण्यासारखी मधोमध जाणारी पोलादी चॅसी, फायबरग्लासची बॉडी आणि ७०० किलोपेक्षाही कमी वजन यांमुळे तिचे वळण घेणे इतके नेमके होते, की पुढच्या पिढीतील अभियंत्यांनी तोच मानदंड मानला.

तिसरी गाडी ट्रायम्फ स्पिटफायर. ट्रायम्फ हेरल्ड या कौटुंबिक गाडीची चॅसी आखूड करून ती तयार झाली, आणि दोन्हींचे रूप इटालियन रचनाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी घडवले. यातील हेरल्ड भारताला परिचित आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बनवली आणि ती मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर बरीच वर्षे दिसत राहिली. स्पिटफायरची चॅसी आणि यंत्ररचना ज्या गाडीतून आली ती गाडी येथे बनत होती, पण स्पिटफायर मात्र येथे बनली नाही.

ऱ्हास

१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत मोटारींसाठी संघीय सुरक्षा नियम लागू झाले. पाठोपाठ धुराचे नियम कडक होत गेले. ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा मोठा ग्राहक अमेरिकाच असल्यामुळे हे नियम पाळण्यावाचून पर्याय नव्हता. मुळात जुन्या आराखड्यांच्या गाड्यांवर नवी उपकरणे लादली गेली, तेव्हा त्यांचे गुणच हरवले. १९७४ च्या अखेरीस एमजीबीला जाड काळे बंपर लागले आणि बंपरची ठरलेली उंची गाठण्यासाठी गाडी जमिनीपासून वर उचलावी लागली. परिणामी ती वळणावर अधिक झुकू लागली. अमेरिकेसाठीच्या इंजिनाची शक्तीही बरीच घटली. उघड्या गाड्यांवर बंदी येईल या धास्तीने ट्रायम्फने १९७५ मध्ये टीआर-७ बंदिस्त छपराची काढली.

अडचणी केवळ नियमांच्या नव्हत्या. ब्रिटिश लेलँड या अजस्र समूहात एमजी आणि ट्रायम्फ एकत्र आल्या होत्या. संप, सदोष बांधणी आणि नव्या आराखड्यांसाठी पैशाची चणचण यांनी समूहाला ग्रासले होते. १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने तरुण ग्राहकाला वेगळा मार्ग दाखवला. चार माणसे, सामान, बंद छप्पर आणि तरीही स्पोर्ट्स कारची चपळाई, हे सारे एकाच गाडीत मिळू लागले. ऑगस्ट १९८० मध्ये स्पिटफायर आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. इटलीतील अल्फा रोमिओ स्पायडरसारखे मोजके अपवाद तग धरून राहिले.

जुन्या गाड्या, वाढलेली वये

नवीन गाड्या बंद झाल्या, तरी जुन्या संपल्या नाहीत. विशीत ज्यांना एमजी किंवा ट्रायम्फ हवी होती आणि परवडली नव्हती, किंवा लग्नानंतर ज्यांना ती विकावी लागली होती, ते आता चाळिशी-पन्नाशीत आले होते. हाती पैसा होता आणि थोडी सवडही होती. त्यांनी कोठारांत आणि परसदारी गंजत पडलेल्या गाड्या हुडकून दुरुस्त करायला सुरुवात केली. १९७३ मध्ये स्थापन झालेला ‘एमजी ओनर्स क्लब’ पुढे जगातील मोठ्या मोटार क्लबांपैकी एक झाला. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर एमजीबीचा संपूर्ण पत्र्याचा सांगाडा नव्याने बनवून विकू लागली. त्यामुळे गंजाने संपलेली गाडीही पुन्हा उभी राहणे शक्य झाले. १९९२ मध्ये याच सांगाड्यावर व्ही-८ इंजिन बसवून रोव्हरने एमजी आरव्ही-८ काढली. तिचे दोन हजारांच्या आत नग बनले आणि त्यांतील बहुतेक जपानने विकत घेतले.

सरकारांनीही या छंदाला मान्यता दिली. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाड्यांना नंबरप्लेटवर ‘एच’ हे अक्षर आणि करात सवलत मिळते. ब्रिटनमध्ये आता चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता कर भरावा लागत नाही.

प्रौढाने घेतलेली स्पोर्ट्स कार म्हणजे मध्यवयातील संकटाचे लक्षण, असा समजही याच काळात रूढ झाला. कॅनडात जन्मलेले मनोविश्लेषक एलियट जाक्स यांनी १९६५ मध्ये एका निबंधातून ‘मध्यवयीन पेचप्रसंग’ ही कल्पना मांडली. चित्रकार, लेखक, संगीतकार यांच्या आयुष्यात पस्तिशीच्या सुमारास मृत्यूची जाणीव तीव्र होते आणि निर्मितीचे वळण बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्पोर्ट्स कारचा त्या विषयाशी संबंध नव्हता. गेल शीही यांचे ‘पॅसेजेस’ (१९७६) आणि डॅनियल लेव्हिन्सन यांचे संशोधन यांतून ही कल्पना सामान्यांपर्यंत पोचली. पुढे चित्रपट आणि जाहिरातींनी तिला लाल रंगाची उघडी गाडी जोडून दिली. १९९० च्या दशकापासून अमेरिकेत प्रौढ वयाच्या मोठ्या पाहण्या झाल्या. त्यांतून मध्यवय हा बहुसंख्य लोकांसाठी संकटाचा काळ नसल्याचे दिसून आले. प्रौढाने घेतलेल्या गाडीचे स्पष्टीकरण बहुधा अधिक साधे असते: आवड जुनी असते, सोय नवी झालेली असते.

उशिरा सुरू झालेली हौसही किती गंभीर असू शकते याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकी अभिनेते पॉल न्यूमन. १९६९ च्या ‘विनिंग’ या चित्रपटाच्या निमित्ताने ते शर्यतीची गाडी चालवायला शिकले, तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. १९७९ मध्ये, ५४ व्या वर्षी, ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत त्यांच्या चमूने दुसरा क्रमांक मिळवला. १९९५ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात विजयी झालेल्या चमूत ते होते.

हिरोशिमाची एमएक्स-५

लहान स्पोर्ट्स कारचे पुनरुज्जीवन जपानमधून झाले. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाचे संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांच्याकडे एक आग्रह धरला: ब्रिटिश गाड्यांसारखी साधी, स्वस्त, उघडी दोन आसनी गाडी कोणीतरी पुन्हा बनवली पाहिजे. हॉल पुढे माझदाच्याच अमेरिकी शाखेत दाखल झाले. यामामोतो यांनी हाकोनेच्या डोंगरी रस्त्यांवर एक ट्रायम्फ स्पिटफायर चालवून पाहिली आणि या कल्पनेचे मर्म त्यांना पटले. पुढे तेच कंपनीचे अध्यक्ष झाले, हा या प्रकल्पाचा मोठा आधार ठरला.

टोकियो आणि कॅलिफोर्नियातील गटांनी वेगवेगळे आराखडे मांडले. इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, हा कॅलिफोर्नियाचा जुन्या वळणाचा आराखडा निवडला गेला. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी सूत्र ठेवले ते घोडा आणि स्वार एकजीव होण्याचे. इंजिन माझदाच्या कौटुंबिक गाडीच्या घराण्यातले, १.६ लिटरचे, वजन एक टनाच्या आत, आणि पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ समान भार. किंबर यांचाच नमुना येथे जपानी काटेकोरपणाने राबवला गेला. छप्पर बसल्या जागेवरून हाताने मागे टाकता येत होते, पाऊस आत गळत नव्हता आणि थंडीच्या सकाळी इंजिन हमखास सुरू होत होते. ब्रिटिश गाड्यांच्या मालकांना या तीन गोष्टींची किंमत ठाऊक होती.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ प्रथम दिसली. अमेरिकेत तिला मियाटा हे नाव मिळाले. मूळ किंमत १३,८०० डॉलर होती, पण सुरुवातीला लोकांनी त्याहून जास्त पैसे मोजून ती घेतली. २००० मध्ये सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची गिनेस विक्रमात नोंद झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावा नग हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडला. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीचे वजनही सुमारे एक टनच ठेवण्यात आले; पंचवीस वर्षांत बहुतेक गाड्या फुगत गेल्या असताना हे साधणे अवघड होते. २०१७ मध्ये माझदाने पहिल्या पिढीच्या गाड्या कारखान्यातच नव्यासारख्या करून देण्याची योजना जपानमध्ये जाहीर केली आणि अनेक सुटे भाग पुन्हा बनवले. तरुणपणी घेतलेली गाडी म्हातारपणापर्यंत सांभाळणाऱ्या मालकाची अशी दखल मोटार उद्योगात क्वचितच घेतली गेली आहे.

प्रौढ ग्राहकासाठी घडलेल्या गाड्या

एमएक्स-५ च्या यशाने इतर कारखाने जागे झाले. १९९५ मध्ये बीएमडब्ल्यू झेड-३, एमजी एफ आणि फियाट बार्केट्टा पुढे आल्या, तर १९९६ मध्ये मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्स्टर आणि लोटस एलिस. जर्मन गाड्यांची किंमत तरुणांच्या आवाक्यापलीकडची होती. त्यांचा ग्राहक स्थिरावलेला होता आणि रचनाही त्यानुसार झाली. एसएलकेचे पोलादी छप्पर बटण दाबताच सुमारे २५ सेकंदांत घडी होऊन डिकीत जाई. बाहेर उतरून कापडाशी झटापट करण्याचा त्रास त्यामुळे संपला. बॉक्स्टरचे इंजिन मध्यभागी असल्याने तिला पुढे आणि मागे अशा दोन डिक्या मिळाल्या आणि दोघांच्या प्रवासाचे सामान सहज मावू लागले. ऑटोमॅटिक गिअर, गरम होणारी आसने, वाऱ्याचा झोत अडवणारी जाळी अशा सोयी या वर्गात रूढ झाल्या. कॉर्व्हेटच्या ग्राहकांतही पन्नाशी-साठीतल्यांचे प्रमाण मोठे राहिले आहे.

लोटस एलिस मात्र याच्या उलट टोकाला होती. ॲल्युमिनियमच्या चॅसीमुळे तिचे वजन अत्यंत कमी आणि चालवण्याचा अनुभव अतुलनीय होता, पण दाराखालची रुंद चौकट ओलांडून जमिनीलगतच्या आसनात शिरणे ताठरलेल्या गुडघ्यांना आणि कमरेला जड जाते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात या गाडीला रुजायला जमीन मिळाली नाही. मुंबईत १९१९ पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन होती आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे हौशी मंडळींकडे एमजी, जॅग्वार अशा गाड्या होत्याही. परंतु १९५० च्या दशकात आयात आवळली गेली. जनरल मोटर्सने १९२८ पासून चालवलेला मुंबईतील जुळणी कारखाना १९५४ मध्ये बंद केला. यानंतर जवळजवळ तीन दशके ग्राहकापुढे ॲम्बॅसेडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट आणि हेरल्ड असे मोजकेच पर्याय उरले. वर्षानुवर्षे नंबर लावून मिळणाऱ्या गाडीत सारे कुटुंब बसणे हीच पहिली गरज होती.

उदारीकरणानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म ही फायबर बॉडीची दोन आसनी गाडी काढली. तिला रेनोचे १,१४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. किंबर यांच्या सूत्राच्या सर्वांत जवळ जाणारा हा भारतीय प्रयत्न होता, पण तिचा खप अल्पच राहिला. एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. परदेशातून पूर्ण बांधून येणाऱ्या गाड्यांवरील शुल्क दीर्घकाळ निम्म्याहून अधिक आणि महाग गाड्यांवर १०० टक्के राहिल्यामुळे पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड-४ अशा गाड्या मोजक्याच लोकांपर्यंत पोचल्या. २०२५ मध्ये एमजीच्या नावाने सायबरस्टर ही विजेवरची उघडी दोन आसनी गाडी भारतात आली. तिचा वेग थक्क करणारा आहे, पण बॅटरीमुळे वजन दोन टनांच्या घरात, म्हणजे एमएक्स-५ च्या जवळजवळ दुप्पट आहे.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणी दहा वर्षांची असते. अशा गाड्या रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येतात, रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला परवानगी नाही.

निवडीचे निकष

या शंभर वर्षांच्या अनुभवातून उशिरा स्पोर्ट्स कार घेणाऱ्यासाठी काही निकष पक्के झाले आहेत. पहिला निकष वजनाचा. मिजेट, एलान आणि एमएक्स-५ या तिघींचीही इंजिने लहानच होती. आनंद मिळाला तो हलकेपणातून. हलकी गाडी कायदेशीर वेगातही चालकाला गुंतवून ठेवते, तर अतिशक्तिमान गाडीचा कस लागण्याआधीच रस्त्याची मर्यादा संपते. दुसरा निकष सुट्या भागांचा. एमजीबी आणि एमएक्स-५ टिकून राहिल्या, कारण त्यांचे भाग विपुल आहेत आणि कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला त्यांची यंत्ररचना उमगते. दुर्मीळ गाडी अनेकदा एका छोट्या भागासाठी महिनोन्‌महिने उभी राहते. तिसरा निकष गंजाचा. जुन्या गाडीचे इंजिन पुन्हा बांधता येते, पण कुजलेला सांगाडा उभा करण्याचा खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जातो. म्हणून तपासणी गाडीच्या तळापासून सुरू करावी.

चौथा निकष शरीराचा आणि तो टाळून चालत नाही. छप्पर बंद असताना आत बसणे-उतरणे, क्लचचा जोर, मागचे दिसणे, रात्री डॅशबोर्ड वाचता येणे या गोष्टी दहा मिनिटांच्या फेरीत कळत नाहीत; त्यासाठी दिवसभर गाडी चालवून पाहावी लागते. जुन्या गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस नसतात, याचाही विचार प्रतिक्रिया मंदावत जाणाऱ्या वयात करायला हवा. शेवटचा निकष वेळेचा. ही गाडी दुसरी गाडी म्हणून जगते आणि उभी राहिली की बिघडते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ती रस्त्यावर नेता येईल एवढी सवड असावी.

लहान स्पोर्ट्स कार तरुणांसाठी जन्मली हे खरे; पण तिला पुरेसा वेळ, सांभाळायची समज आणि वेगाबाबतचा संयम यांपैकी बरेच काही प्रौढ मालकानेच दिले. गाडी झेपत असेल आणि आवड खरी असेल, तर ती घेण्यासाठी साठी हे वय उशिराचे नाही.